डेल्मरभावजींचा बुधवार

ओटर फोर्ड, आयोवा
९ मार्च १९९७

चि. जोलीन हिला आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिकडे कॅरोलायनात झाडं फुलली म्हणून लिहितेस. फुलू देत. इथे चिखल अजून गोठलेला आहे आणि माझा डावा गुडघाही. फोन न करता पत्र लिहितेय, कारण डाकघरातली बर्निस पाकीट उजेडात धरून बघते, पण माझं अक्षर तिला लागत नाही.

बातमी अशी की आपला बुधवार गेला. जुलैतला मधला बुधवार. बावीस वर्षं तुमची सर्कस त्या दिवशी आपल्या मातीच्या ट्रॅकवर येत होती. तू तिला मोटार शर्यतींची मालिका म्हण, तिच्या कचेरीत बसून पगार घेतेस. मी सर्कसच म्हणणार. यंदा ती डेल्मरकडे जाणार आहे. तुझ्या आजोबांच्या पाठच्या भावाकडे, वीस मैलांवर, जिथे आजवर पत्र्याच्या जुन्या मोटारी एकमेकींना धडकण्यापलीकडे काही झालेलं नाही.

तारखा वाटणाऱ्या तुमच्या त्या पुर्डीनेच फोनवर सांगितलं, आवाजात मध घालून. म्हणाला, बाई, वाईट वाटून घेऊ नका, डेल्मरसाहेबांनी रक्कम जास्त लावली. मी म्हटलं, रक्कम कळली, आणखी काय लावलं ते सांगा. तेव्हा ओशाळून बोलला की डेल्मर म्हणाला, वहिनीच्या ट्रॅकवरचे दिवे मिणमिणतात आणि वहिनीचंही तेल संपत आलंय.

हिशेब तुला ठाऊक आहे. सर्कस येण्याआधी आपली थैली रिकामी करून घेते. बक्षिसाचे पैसे आपण भरायचे, पाऊस पडला तर आपण बुडायचं. शर्ट-टोप्या त्यांच्या, टीव्ही त्यांचा. आपल्या वाट्याला गेट आणि खाणं. त्या रात्री गावाचे खिसे असे झडतात की आपल्या शनिवारच्या शर्यतींना पुढचे दोन आठवडे बाकांवर कबुतरं बसतात. तरी त्या एका रात्रीवर आपला वर्षाचा विमा निघतो. विमा नाही तर ऑगस्टात गेटला कुलूप, आणि तुझ्या आजोबांनी नदीकाठून वाहून आणलेल्या मातीत मका.

तुझी आई असती तर रडली असती. मी रडत नाही. रडायची पाळी डेल्मरची आणायची आहे. कशी, ते अजून सुचलेलं नाही.

जेवत जा. लोभ आहेच, तो काही दर पत्रात मागायची वस्तू नाही.

तुझी आजी,
ऑर्फा निहॉफ


२४ मार्च १९९७

ती. आजीस जोलीनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा अक्षर लावायला, एकदा रागवायला. तारखा ठरवणारे वरच्या मजल्यावर बसतात. मी खाली बसून यजमान ट्रॅकना विचारत असते की रुग्णवाहिका आहे का, संडास पुरेसे आहेत का. तरी मला लाज वाटते. पुर्डीने मला विचारलं की तुझी आजी फार थकली का. मी म्हटलं, ती जन्मली तेव्हाच सत्तर वर्षांची होती, आता उलट तरुण होत चालली आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. डेल्मरआजोबांच्या शर्यतीचं पोस्टर छापून आलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : आर्लो निहॉफ स्मृती शर्यत. खाली आजोबांचा फोटो आहे, तो टोपी उलटी घातलेला. फोटो त्यांच्याकडे कुठून आला?

आजी, तू शनिवार चालू ठेव. विम्याचं काही जमवू. मी थोडे पैसे पाठवीन. भांडू नकोस, निदान काठी घेऊन तरी भांडू नकोस.

तुझ्या लोभातली,
जोलीन


१५ जून १९९७

ती. वहिनीस डेल्मरचा कृ. सा. न. वि. वि.

वहिनी, तू माझ्यावर रुसली आहेस असं बायको म्हणते. मी म्हटलं, छे, ऑर्फावहिनीचं मन मोठं आहे. धंदा धंद्याच्या जागी. तुझ्या वयात एवढ्या गर्दीचा व्याप कशाला? मी तुझं ओझंच हलकं केलं म्हण ना.

आर्लोदादाचं नाव दिलं ते तुला आवडलं असेलच. नाव निहॉफांचंच आहे, माझंही आहे. सोळा जुलैला तू पांढऱ्या खुर्चीवर बसायचंस आणि फीत कापायचीस. लोक टाळ्या वाजवतील. तुझ्या तळलेल्या मांसाच्या टेंडरलॉइन सँडविचची टपरी लावायची असेल तर जागा देईन, भाडं ओळखीचंच लावीन.

तुझ्याकडचे एल्रॉय आणि ते ट्रकवाले त्या दिवशी येतीलच. त्यांना मी वेगळं विचारलं नाही, दरवर्षी या शर्यतीला येतात, घरचीच माणसं. एक-एक हॉट डॉग देईन.

झालं गेलं विसरावं आणि धाकट्या दिरावर माया ठेवावी, ही विनंती.

तुझा,
डेल्मर


१९ जून १९९७

चि. डेल्मरभावजींना ऑर्फाचे यथायोग्य आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून ऊर भरून आला. आर्लोच्या दफनाच्या दिवशी तुम्ही कॉफीचा कप हातात धरून मला ट्रॅकचा रोलर केवढ्याला विकणार असं विचारलं होतंत, तेव्हाही असाच भरून आला होता. अकरा वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही, पण नावावर मात्र तुमचा जीव जडला. माणूस गेला की गोड लागतो.

फीत कापायला येणं जमणार नाही. त्या दिवशी घरी पाहुणे आहेत. टपरीही नको, माझं तेल संपत आलंय ना, तळायला उरणार नाही.

ट्रकवाल्यांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. घरचीच माणसं आहेत.

यश यावं अशी तुमची इच्छा असेलच. मी आड येणार नाही.

ऑर्फा


१ जुलै १९९७

ती. आजीस सा. न. वि. वि.

एल्रॉयच्या सुनेचा फोन आला होता. म्हणाली, सोळा तारखेला ऑर्फाआजीकडे मासे आणि मक्याची कणसं आहेत, आमच्याकडचे सगळे पुरुष जाणार आहेत. मी विचारलं, सगळे म्हणजे कोण. म्हणाली, ट्रकवाले आठही.

आजी, मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही.

डेल्मरआजोबांच्या मोटारी किल्ली फिरवली की चालू होतात. त्यामुळे त्यांच्या डोक्यातच आलेलं नाही की डोक्यावर पत्र्याचा पंख असलेल्या आमच्या शर्यतीच्या गाड्यांना स्टार्टर नसतो, मागून ट्रकने ढकलल्याशिवाय त्या हलत नाहीत, आणि ते ट्रक आम्ही नेत नाही, यजमानाने आणायचे असतात. मी त्यांना फोनवर विचारलं, ढकलायचे आठ ट्रक आहेत ना? हसले. म्हणाले, पोरी, इथे प्रत्येकाच्या दारात ट्रक आहे. मी सांगितलं, तसे नाही, पुढे रबर लावलेली फळी हवी आणि चालवणाऱ्याला सवय हवी. म्हणाले, तू कचेरीतली मुलगी, मला ट्रक शिकवू नकोस. दुसऱ्यांदा विचारलं तर फोन ठेवला.

आता तिसऱ्यांदा विचारू का? त्यांचं नुकसान झालं तर मला त्याचं दुःख नाही. पण तीन हजार लोक तिकीट काढून बसतील, लहान मुलं घेऊन. आणि पुर्डी मला विचारेल की तुला माहीत होतं का. तू सांग.

तुझीच, पण झोप उडालेली,
जोलीन


५ जुलै १९९७

चि. जोलीनला आशीर्वाद.

दोनदा विचारलंस, तुझी नोकरी तेवढीच. तिसऱ्यांदा विचारू नकोस. पुर्डीने विचारलं तर खरं सांग, की मी विचारलं आणि म्हातारा मला हसला. खोटं बोलायला मी तुला कधी शिकवलं नाही, गप्प बसायला शिकवलंय.

मी कोणाला जाऊ नको म्हटलेलं नाही. एल्रॉयला एवढंच सांगितलं की डेल्मरने लिहिलंय, एक-एक हॉट डॉग देईन. तो थुंकला आणि म्हणाला, कणसं किती वाजता?

मुलांची काळजी करू नकोस. मुलं उपाशी राहणार नाहीत, मी पण आजी आहे.

ऑ. नि.


२० जुलै १९९७

चि. जोलीन हिला आजीचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

तू इथे नव्हतीस, म्हणून सगळं सांगते, आणि सावकाश सांगते, कारण मला सांगायला मजा येतेय.

बुधवारी ऊन चांगलं होतं. आठ ट्रक माझ्या अंगणात ओळीने उभे, फळ्या पुढे करून, गोठ्यातल्या बैलांसारखे. पुरुष कणसं सोलत होते. तुला काळजी होती त्या मुलांसाठी मी दुपारीच रुबार्बचे गोड पाई भाजून टपरीच्या गाडीत भरून ठेवले होते, म्हणजे तू मला राक्षसीण म्हणायला नको.

मासे कढईत पडतात न पडतात तोच डेल्मरची मोटार धुरळा उडवत आली. शेजारच्या सीटवर तुमचा पुर्डी, इस्त्रीच्या शर्टाला घामाचे नकाशे. डेल्मरचा चेहरा उकडलेल्या बीटसारखा. झालं होतं असं की ढकलायला कोणी नाही म्हणून त्याने खताच्या दुकानाचे ट्रक आणले. पहिल्याच ट्रकने एका गाडीची मागची टाकी चेपली. गाडीवाला उतरला आणि त्याने डेल्मरला जे काय म्हटलं ते मी कागदावर लिहीत नाही, बर्निसला नेमकं तेवढंच वाचता येईल. पुर्डीने सगळं थांबवलं. चोवीस गाड्या ओळीने मुक्या, तीन हजार माणसं बाकांवर पाय आपटत.

अंगणात कोणी मान वर केली नाही. एल्रॉयने कणसाला लोणी लावलं, दुसऱ्या बाजूनेही लावलं. डेल्मर म्हणाला, वहिनी, ट्रक पाहिजेत. मी म्हटलं, भावजी, बसा, पाहुण्याला उभं ठेवत नाही आम्ही. तो म्हणाला, वहिनी, माझी अब्रू जाते. मी म्हटलं, अगंबाई, ती अजून होती का? मग ओरडला, हे तू केलंस! मी विचारलं, काय केलं? जेवायला घातलं. तुम्ही या आठांपैकी एकाला तरी तोंडाने या म्हणालात का? आठही जण तिथेच बसून त्याच्याकडे बघत होते.

त्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, आर्लोच्या नावाची पाटी उतरवून माझ्या हातात द्यायची, ट्रकांची चाकं हलण्याआधी. दुसरी, दिव्यांचं आणि तेलाचं जे पुर्डीला बोललात ते कर्ण्यावरून तीन हजार लोकांना सांगायचं, आणि ते खोटं होतं हेही सांगायचं. तो म्हणाला, वहिनी, लोकांसमोर नको. मी म्हटलं, माझ्या पाठीमागे चाललं, मग लोकांसमोर का नको?

पुर्डी मध्ये पडला की वेळ जातोय. मी म्हटलं, साहेब, तुमचंही ताट वाढलंय, तुम्ही पण ऐका. पुढल्या वर्षापासून बुधवार माझा, आर्लो भरायचा तेवढ्याच पैशात. आणि प्रत्येक ट्रकाला भाडं, ते सर्कशीच्या थैलीतून. बावीस वर्षं या माणसांनी तुमच्या गाड्या फुकट ढकलल्या, मीही सँडविचवर भागवलं, तो मूर्खपणा आता संपला. पुर्डी म्हणाला, बाई, करारात असं काही नाही. एल्रॉय तोंडातला घास न गिळताच म्हणाला, मग करारानेच ढकला.

कबूल करायला पुर्डीला एक मासा खायचा वेळ लागला. कागद ट्रकच्या बॉनेटवर लिहिला. शब्द मी सांगितले, अक्षर त्याचं, साक्षीला आठ माणसं तेलकट बोटांची. डेल्मरने फोन केल्यावर त्याच्या मुलाने पाटी आणून दिली. मगच ट्रक सुटले. पहिल्या ट्रकात मी एल्रॉयच्या शेजारी बसले. मला ते ऐकायचं होतं.

आणि ऐकलं, जोलीन. कर्ण्यावर डेल्मरचा आवाज आधी फुटला, मग बसला. वहिनीच्या दिव्यांना काही झालेलं नाही, म्हणाला, मी खोटं बोललो, तारीख मिळावी म्हणून बोललो. मग वरच्या बाकांवरून एक बाई ओरडली, मोठ्याने सांग रे, इकडे ऐकू आलं नाही! त्याला पुन्हा सांगावं लागलं. ती बाई कोण होती मला माहीत नाही, पण तिला जन्मभर माझ्याकडे फुकट सँडविच.

गाड्या उशिरा धावल्या, पण धावल्या. ती मुलं आमच्यामागून गाडीने आलेले पाई खाऊन मळलेली घरी गेली. गेटवर निम्म्यांनी पैसे परत मागितले, डेल्मरला द्यावे लागले. भरलेली जास्तीची रक्कम त्याच्या हातची गेली. मला त्याची कीव येते का, असं तू विचारशील. नाही आली. वाट बघितली मी, शनिवारपर्यंत.

विम्याचं म्हणशील तर तुझे पैसे परत पाठवतेय. कागद घेऊन बँकेत गेले. त्या तरुण साहेबाने पुढल्या वर्षीच्या बुधवारावर कर्ज दिलं, आणि वर विचारलं की ट्रकांचं भाडं मागायची कल्पना कोणाची. मी म्हटलं, दिराची, त्यांनीच लक्षात आणून दिलं.

पुर्डी तुला काही बोलला तर नीट ऐकून घे आणि मला कळव. माझ्याकडे आठ ट्रक आहेत.

काल आपली शनिवारची शर्यत होती. डेल्मर आला होता, एकटा, टोपी हातात धरून. बाजूच्या दाराने आत यायला बघत होता, घरच्यासारखा. मी त्याला तिकिटाच्या खिडकीकडे पाठवला आणि पूर्ण पैसे घेऊन तिकीट फाडलं.

माया कर, पण सुट्टीत ये आणि कर. पत्रातल्या मायेने भांडी घासली जात नाहीत.

तुझी आजी,
ऑर्फा