अढीतले आडू

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
१४ मे

ति. बाबांना संजीवनीचा सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही टीव्हीवर ठेवून देता, म्हणून सुयोगदादाच्या हाती ही चिठ्ठी. सोबत आडूचं, म्हणजे पीचचं, खोकं आहे. साखर उतरली नाही तर जखम भरणार नाही, पायाचा अंगठा काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी आईची पाठ वळताच तुम्ही दोन आंबे चोखलेत म्हणे. धन्य आहे!

जेवणानंतर आंब्याऐवजी एक आडू खा. डॉक्टरांना विचारूनच पाठवलेत. हे औषध नव्हे. पण आंब्यापेक्षा साखर कमी, पाणी भरपूर, सालीत चोथा. टणक असतील ते ताटात सुटे ठेवा, मऊ झाले की फ्रिजमध्ये. एवढं तरी ऐका.

आईला नमस्कार. माया असू द्या.
तुमची संजीवनी


हेंद्रेपाडा, बदलापूर
१७ मे

चि. संजीवनीस अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. ज्या फळाची खाण्याआधी दाढी करावी लागेल, ते तू बापाला पाठवलंस. शेजारचा हरिचंद्र म्हणाला, हे इराणचं. सुयोगने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, मूळचं चीनचं. इराणवरून पुढे गेलं म्हणून शास्त्रीय नाव इराणचं पडलं. म्हणजे ज्याला स्वतःचं गाव धड सांगता येत नाही असलं फळ. आणि वर स्टिकर! आपल्या झाडाच्या आंब्याला कधी स्टिकर लावावा लागला नाही.

ताटात मांडायला ते काय देव आहेत? फळ कसं पिकवायचं हे या दौलतरावाला कॅम्पातून कुणी शिकवू नये. आंब्यांच्या अढीत पेंढा सारून खाली घातलेत, वर पोतं टाकलंय. लायकी असेल तर पिकतील.

अंगठा माझा आहे. तू काळजी करू नकोस.
तुझे बाबा


उल्हासनगर
२१ मे

ति. बाबांना सा. न.

आईने सगळं सांगितलं. वासावरून पोतं उचललं, तर आडूंचा नुसता लगदा, आणि त्या ओलीने खालच्या थरातल्या आंब्यांनाही बुरशी. वा! हेंद्रेपाड्यात अढी लावायला लोक ज्यांना बोलावतात, त्यांचा हा पराक्रम. आंब्याची साल वजन सोसते, याची कागदासारखी असते. हे मी लिहिलं नव्हतं, कारण तुम्ही असं काही कराल एवढा अडाणीपणा मी तुमच्यात धरला नव्हता.

सोमवारी ड्रेसिंग आहे, तेव्हा अंगठ्याचं ठरेल. काळजी करू नकोस म्हणणं सोपं आहे. उद्या काठी धरून चालाल तेव्हा मी कुठे बघू? दुसरं खोकं पाठवतेय. हेही सडवलंत तर मी तिकडे पाऊल टाकणार नाही.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे. तुम्हाला माहीत आहे मी येईनच.
संजीवनी


हेंद्रेपाडा
२८ मे

चि. संजीवनीस आशीर्वाद.

जखमेच्या कडा सुकू लागल्यात. डॉक्टर म्हणाले, तूर्त अंगठा राहू दे, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. याचं श्रेय तुझ्या फळाने घेऊ नये. अढी मी मोडली. चांगले आंबे गल्लीत वाटून टाकले. घरात आंब्याचा वास राहिला असता तर मला राहवलं नसतं.

आडू खाल्ला, सालीसकट. आंब्याच्या पायाशी बसायची त्याची लायकी नाही. पण परवा जेवून उठलो आणि हात आपसूक फ्रिजकडे गेला. मला माझीच चीड आली. आंब्यावाचून वैशाख कसला, असं जन्मभर म्हणणारा माणूस आठवड्यात दुसऱ्या फळाला सरावतो, इतकीच का आपली निष्ठा? तुझी आई हसली. म्हणाली, सरावलात तर चालते राहाल.

पुढच्या ड्रेसिंगला तू बरोबर चल. डॉक्टरांनी पथ्याचं विचारलं की सुयोग माझी बाजू घेतो, म्हणजे खोटं बोलतो. आणि तो बोलला की मीही मान हलवतो. तू समोर असलीस की मला तेवढं जमत नाही.

बाकी लोभ आहे तेवढा पुरे. ये.
बाबा