गोळी, पट्टी, जेल आणि मैदा

ता. ६ जानेवारी

चि. सौ. चिमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन एक आणि कान चार. जे लिहिते आहे ते एवढ्यात तुझ्या भाऊजींच्या कानावर जायला नको.

मेअखेर मी बेकरी सोडते आहे. मालकीणबाईंना काल सांगून टाकलं. इतकी वर्षं त्यांच्या भट्टीपुढे उभी आहे, निदान का म्हणून तरी विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी मान हलवली, बरं म्हणाल्या आणि मैद्याच्या पोत्यांकडे वळल्या. मला फार लागलं ते.

पाळी जाऊन वर्ष उलटलं, तेव्हा सुटले म्हणून मी पेढे वाटायचेच बाकी होते. आता अंगातून अशा वाफा निघतात की भट्टी पुढे आहे की आत, हेच कळत नाही. झोपेचं तर नावच नको. गेल्या आठवड्यात पहिल्या खेपेच्या पावात मीठ घालायला विसरले. विसरले ते विसरले, वर गिऱ्हाइकाशीच भांडले की पाव अळणी नाही, तुमच्याच जिभेला चव राहिलेली नाही. नंतर स्वतः तुकडा तोंडात टाकला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे मिटून यायचं ते काम हातून निसटायला लागलं, तर लोकांनी जा म्हणण्याआधी आपणच निघावं.

थंड दूध प्यायला सांगू नकोस. तुझ्या भाऊजींनी सांगून पाहिलं, ते दूध त्यांनाच प्यावं लागलं.

कळावे. लोभ भरपूर कर, उपदेश बेताने कर.
तुझी ताई

---

ता. १५ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उपदेश बेताने कर म्हणालीस, म्हणून पत्र दोन दिवस उशिरा लिहिते आहे. याहून बेत मला जमत नाही.

अगं, तुझी पाळी गेली आहे, अक्कल नाही. गेल्या वर्षी मी काय केलं ते तुला लाजेने सांगितलं नव्हतं. एका वकीलसाहेबांचे जाडजूड ग्रंथ बांधायला आले होते, ते मी सगळेच्या सगळे पुठ्ठ्यात उलटे बसवले. खळ वाळेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. रडत घरी आले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या की हे वेड नाही, हार्मोन कमी झालेत, आणि ते बाहेरून देता येतात.

आता नीट वाच. गोळी घ्यायला सगळ्यात सोपी, पण ती पोटातून यकृताकडे जाऊन मग अंगात पसरते, आणि तिने रक्तात गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो. पट्टी किंवा जेल कातडीतून सरळ आत जातं, त्यात ती भीती जवळजवळ नाही. तुझ्या अर्धशिशीचं तिथल्या डॉक्टरांना आधी सांग, त्यावर बरंच ठरतं. गर्भाशय जागेवर असेल तर जोडीला दुसरी एक कॅप्सूलही घ्यावी लागते, नाहीतर आतलं अस्तर जाड होत जातं. छातीच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढू शकतो, म्हणून घरात कुणाला काय झालं होतं ते सगळं विचारून मगच औषध देतात. आणखी एक मलम असतं, ते फक्त खालच्या कोरडेपणावर. पोस्टमन ओळखीचा असल्याने त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

मी पट्टी लावते, कमरेखाली, आठवड्यातून दोनदा बदलून. चिकटवणं हा तर माझा धंदाच. कातडी कोरडी हवी, तेल-पावडर काही नको, आणि कडा तळव्याने दाबून धरायच्या. तरी एकदा घाईत लावलेली पट्टी अंथरुणात सुटली आणि आमच्या ह्यांच्या कोपराला चिकटून ऑफिसला जाऊन आली. त्या संध्याकाळी ह्यांनी न सांगता भांडी घासली. औषधाचा गुण की योगायोग, देव जाणे.

तू भट्टी सोडू नकोस, ताई. चिडायला तुला दुसरीकडे इतकी जागा मिळणार नाही.

कळावे. लोभ आहेच, त्यात माझा हट्टही धर.
तुझी चिमी

---

ता. २० मार्च

चि. सौ. चिमीस,
अ. उ. आ.

तुझ्या हट्टापायी इथल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. बाई हुशार आहेत, पण प्रश्न असे विचारतात की मी उत्तरं भिंतीवरच्या कॅलेंडरला दिली. रक्तदाब पाहिला, अर्धशिशीचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तुम्हाला गोळी नको, पट्टी घ्या, जोडीला झोपताना कॅप्सूल.

पट्टी तुझ्या पुठ्ठ्यांना ठीक आहे गं. भट्टीपुढे घामाच्या धारा लागल्यावर तिचा काय निभाव लागणार? एक तर घसरून दिवसभर माझ्या मोज्यात फिरत होती. डावी टाच तेवढी तरुण झाली असेल.

मग त्यांनी जेल दिलं. बेकरीत पोचले की कपडे बदलताना दोन्ही दंडांना चोपडते. एक दिवस चुकवलेला नाही, पण महिना झाला तरी काडीचा फरक नाही. वाफा तशाच, चिडचिड तशीच, झोप तुझ्या घरी राहायला गेली असेल तर परत पाठव. शिवाय ते चिकट किती! बाही दंडाला धरून बसते. त्यावर मात्र मी तोड काढली आहे. जेल लावलं की लगेच वरून मूठभर मैदा भुरभुरायचा, चिकट कणकेला लावतो तसा, आणि कुंचल्याने झटकून टाकायचा. दंड कसे कोरडे ठणठणीत. मुरलेल्या हाताला असं काही शिकवावं लागत नाही.

तेव्हा आता हा नाद पुरे. माझ्या जागी कुणाला घ्यायचं म्हणून मीच मालकीणबाईंना दोन नावं सुचवली, त्यावरही त्यांनी नुसती मान हलवली. हल्ली पाव बाहेर काढले की मी भट्टीकडे पाठ करून उभी राहते. सोडायचं म्हटलं की तिच्याकडे बघवत नाही, चिमे.

कळावे. लोभ असू दे, आता माझा तोच आधार आहे.
तुझी ताई

---

ता. २६ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना मी शेवटी रडले, हे आधी लिहून ठेवते. कारण मैद्याच्या ओळीला मी इतकी हसले होते की ह्यांनी पाणी आणून दिलं.

अगं मुरलेल्या हाताच्या बाई, मैदा ओल शोषतो हे तुला मी सांगायचं? कणकेचा ओलावा जातो म्हणूनच तर भुरभुरतेस ना? मग जेल काय वेगळं आहे? औषध कातडीत मुरायच्या आत तू ते मैद्याला पाजलंस आणि झाडून टाकलंस. महिनाभर तुझं औषध मैद्याने घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं असेल, पण वरून पीठ लावता का, असं विचारायचं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असणार? मी एवढी पुस्तकं बांधते, माझ्या तरी हाती तसलं पुस्तक आलेलं नाही.

जेल घरीच लाव, निघायच्या आधी, आणि आपलं आपण वाळू दे. पाच-दहा मिनिटं दंड उघडे ठेवून खिडकीत उभी राहा. मग हात धू आणि तासभर तिथे कुणाचं अंग लागू देऊ नकोस. हे सगळं डॉक्टरीणबाईंनाही सांग. लाज वाटली तर माझं नाव पुढे कर, म्हण की बहिणीने केलं. एक महिना दे, ताई. मे संपायला अजून वेळ आहे. नंतर खुशाल सोड, मी अडवणार नाही.

आणि ते झटकलेलं पीठ कुठे जात होतं तेवढं कळव. तुमची गिऱ्हाइकं हल्ली फार मऊ बोलायला लागली आहेत का?

कळावे. लोभ असावा, आणि या वेळी त्यावर मैदा नसावा.
तुझी चिमी

---

ता. ४ मे

चि. सौ. चिमीस,
अ. उ. आ.

पीठ न्हाणीत जात होतं. गिऱ्हाइकं आहेत तशीच कजाग आहेत.

डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी आधी चष्मा काढला, मग खुर्ची फिरवली, आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मग म्हणाल्या की जेल कातडीसाठी असतं, आणि आता नव्या रोग्याला समजावताना हे एक वाक्य वाढवावं लागणार. त्या दिवसापासून सांगितल्याप्रमाणे लावते. पहिले काही दिवस काहीच नाही. मग एक दिवस जाग आली ती सरळ गजराने. मला वाटलं घड्याळ बिघडलं, तर मी झोपले होते! वाफा अजून येतात, पण दार वाजवून येतात आणि लवकर जातात. मीठ विसरत नाही. तुझ्या भाऊजींवर परवा ओरडले ते कारण असल्यामुळे, आणि ते दोघांनाही बरं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. काल मालकीणबाईंकडे गेले आणि म्हटलं की मी जायचं म्हणाले होते ते मागे घेते, तुमची हरकत नसेल तर. या वेळी त्यांनी मान हलवली नाही. उठल्या, दार लावलं, आणि मला विचारलं की काय झालं होतं. एरवी मी सांगितलं नसतं, पण जेलसारखी गोष्ट मैद्यासकट एका डॉक्टरला सांगून झाल्यावर माणसाला लाज फारशी उरत नाही. मी सगळं सांगितलं. बाई पोट धरून हसल्या, आणि हसता हसता रडायलाच लागल्या.

चिमे, त्या बेकरी विकायला निघाल्या होत्या गं. वर्षभर त्यांना झोप नाही. मैद्याची मागणी दोनदा नोंदवतात, कधी नोंदवायचीच राहते. सगळ्यांवर वसकन् ओरडतात आणि मग आत जाऊन बसतात. डोकं कामातून गेलं असं त्यांनी धरून ठेवलं होतं. मी सोडते म्हटल्यावर त्यांना सुटल्यासारखं झालं, की भट्टीवालीच चालली, आता बंद करायला कारण मिळालं. म्हणून का ते विचारलं नाही. आमच्यामध्ये एक भिंत, चिमे, एवढीशी, आणि अलीकडे एक बाई स्वतःला वेडी समजते आहे, पलीकडे दुसरी. रोज एकमेकींना काय बाई उकडतंय म्हणत होतो आणि पुढे एक शब्द बोलत नव्हतो.

मी जात नाही. त्याही विकत नाहीत, निदान एवढ्यात तरी नाही. त्यांनी विचारलं की गोळी बरी, पट्टी बरी की जेल बरं. मी म्हटलं की ते तपासल्याशिवाय आपण ठरवायचं नसतं, माझ्याबरोबर चला. शुक्रवारी सकाळी दोघी डॉक्टरीणबाईंकडे जातो आहोत, तेवढा वेळ बेकरी बंद. अशा वेळी दारावरच्या फळ्यावर आम्ही भट्टीची दुरुस्ती चालू असं लिहितो. मी खडू घेऊन तेच लिहिलं, तर बाईंनी माझ्या हातून खडू घेतला, भट्टी हा शब्द पुसला आणि तिथे लिहिलं: मालकीण व भट्टीवाली.

कळावे. लोभ तर वाढवच, आणि त्यातला थोडा आता मालकीणबाईंसाठीही ठेव.
तुझी ताई