उजव्या चाकाचे दोन बोल्ट

२० सप्टेंबर, शनि.

ब्रेकचा सेट आला एकदाचा. पुढच्या दोन चाकांसाठी मोठ्या डिस्क, आणि त्या चिमटीत धरून चाक थांबवणारे चार पिस्टनचे कॅलिपर. गेल्या वर्षी टर्बो बसवल्यापासून लाली पळते झकास, थांबते मात्र आपल्या जुन्याच चालीने. पंचवीस वर्षांची दोन सीटची जपानी गाडी. माझ्याकडे आली तेव्हा डिकीत उंदरांचा संसार होता. चार वर्षांचे रविवार तिच्यात गेले. मेधा म्हणते, सवत परवडली असती, ती निदान पार्किंगमध्ये तेल सांडत नाही.

बाबांनी कॅलिपर हातात घेऊन वजन केलं. कारखान्यात तीस वर्षं फोरमन, हातात लोखंड आलं की चेहरा बदलतो. म्हणाले, "दसऱ्याला यातूनच ना?" मी हो म्हणून बसलो.

बारा दिवस आहेत. होईल.

२८ सप्टेंबर, रवि.

डावी बाजू पूर्ण. कॅलिपर दोन बोल्टांवर बसतो. आधी हाताने फिरवायचे, मग टॉर्क रेंच. ठरलेल्या ताकदीला रेंच "टक्" करतो, की लगेच पिवळ्या मार्करने खूण. खूण नाही म्हणजे काम झालेलं नाही. ऑफिसात वीस वर्षं दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासतोय, तिथेही हेच.

उजवीकडे डिस्क अडली. जुना गंज. दिवसभर घासला. कंबर गेली.

बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पणजोबा सरकारी पागेत होते, ते दसऱ्याला घोड्यावरून गावच्या वेशीबाहेर, पाणीगेटापलीकडे जायचे. मग आजोबा सायकलवरून, बाबा स्कूटरवरून, नंतर गाडीतून. आमच्या घरचं सीमोल्लंघन ते हेच. घरातल्या मोठ्याने चालवायचं, शेजारी त्याची बायको. इतरांनी मागून यायचं. शहात्तर वर्षांचा माणूस, आणि पन्नास वर्षांत कुणाच्या आरशालाही धक्का नाही. मला हे वाक्य पाठ आहे, त्यांनीच केलंय.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

सुट्टी टाकली होती, सकाळीच उजवा कॅलिपर चढवला. बोल्ट हाताने फिरवून झाले आणि आई जिन्यावरून, "बास आता. हत्यारं दे."

"दोनच बोल्ट राहिलेत, आई. पाच मिनिटं."

"आज पुजायची असतात, चालवायची नसतात. उद्या उत्तरपूजा झाली की घे."

रेंच हातातून काढून नेला, अक्षरशः. पाटावर यंदा पणजोबांची तलवार, बाबांचा मायक्रोमीटर, माझा टॉर्क रेंच, मेधाचा लॅपटॉप. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात आई ताट घेऊन खाली जाऊन लालीलाही हळदकुंकू लावून आली. चाकं काढलेली, गाडी स्टँडवर. म्हणाली, "कशी उघडीवाघडी दिसते गं बाई." गाडीला गं बाई!

पुरणपोळ्या चार. दुपारी झोप.

२ ऑक्टो., गुरु. दसरा. सकाळ.

उत्तरपूजा साडेनऊला. रेंच घेऊन खाली. ताईचा सुरतहून फोन, शेजारचे पटेल "हॅपी दशेरा" करायला, फाफडा-जलेबी घेऊन. हात धुवा, खा, परत काळे करा. उजवीकडे वाकून पाहिलं, दोन्ही बोल्टांवर पिवळं. म्हणजे काल रेंच जायच्या आधीच आवळले होते, माझ्याच डोक्यात राहिले असं राहिलं. वय झालं. चाकं चढवली. सोसायटीत दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक फर्स्ट क्लास.

बाबांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय. पाचला निघायचं.

३ ऑक्टो., शुक्र.

लिहून काढतो.

बाबा चालवत होते, शेजारी आई, मांडीवर आपट्याची पानं. मी आणि मेधा मागून स्कूटरवर. पाणीगेटात गर्दी, तिथे सगळं नीट. बाहेर पडल्यावर बाबांनी आरशातून हात केला. वाघोडिया रोडला थोडी मोकळीक मिळाली, चाळीस-पन्नासचा वेग असेल. पुढे रिक्षा थांबली. लाली एकदम उजवीकडे खेचली गेली आणि दुभाजकावर चढली. कर्कश आवाज, लोखंड घासल्याचा.

आईचं डावं मनगट मोडलं. पुढे आपटू नये म्हणून हात टेकला होता. बाबांना खरचटलंही नाही. गाडीतून उतरून ते दुभाजकावर बसले, आईकडे बघत, आणि एकच, "माझा पाय चुकला. माझा पाय चुकला." ट्रॅफिक पोलीस मुलगा चांगला होता, पण म्हणाला, "काका, उमर थई. हवे घरे बेसो." वय झालं, आता घरी बसा, म्हणे. बाबा त्याला मान हलवून हो म्हणाले.

ते हो मला ऐकवलं नाही.

आईच्या हाताला प्लास्टर, सहा आठवडे. ती म्हणते, चला, भांडी सुटली.

५ ऑक्टो., रवि.

काल लाली टो करून आणली. आज चाक काढलं.

उजव्या कॅलिपरचा वरचा बोल्ट नाही. खालचा दोन आट्यांवर लोंबकळतोय. आटे शाबूत, म्हणजे तुटला नाही. सुटत सुटत आलाय. रिमला आतून कॅलिपर घासल्याचा चरा, करवंटीच्या कडेसारखा.

पण पिवळं होतं. मी पाहिलं होतं.

खालच्या बोल्टच्या डोक्यावर अजूनही आहे. बोट लावलं, बोटाला आलं. मार्कर बोटाला येत नाही. वास घेतला.

हळद.

आईने ओल्या हळदीचं बोट टेकवलं होतं, वरचं कुंकू गळून गेलं असणार. मी मार्करने रेघ मारतो, हे ठिपके होते. रेघ आणि ठिपका यातला फरक मला कळला नाही. मला! लोकांच्या ड्रॉइंगमधली तुटक रेघ चुकली तर मी कागद परत पाठवतो.

मेधाने वरून विचारलं, सापडलं का काही? म्हटलं, बघतोय.

६ ऑक्टो., सोम.

सांगितलं नाही. कुणालाच नाही.

ताई आली. आईला मिठी मारून रडली, मग बाबांच्या पुढे बसून डॉक्टरसारखं सुरू: चक्कर येते का, पायाला मुंग्या येतात का, नजर. बाबा शहाण्या पेशंटसारखी उत्तरं देत होते. मग उठले, कपाटातून लायसन्स आणलं आणि माझ्या हातात दिलं. "तुझ्या फायलीत ठेव." कुणी मागितलं नव्हतं.

मी घेतलं. हात पुढे केला आणि घेतलं. तोंड उघडायला एवढी जागा होती.

८ ऑक्टो., बुध.

नवे बोल्ट आणायला मांडवीत हसमुखभाईंकडे. दुकान पाच फुटांचं, पण जगातला कुठलाही बोल्ट काढून देतात. जुना हातात घेऊन फिरवला.

"बीजो क्यां गयो?"

"दुसरा? निघून गेला कुठेतरी."

"बोल्ट पोतानी मेळे नथी नीकळतो, साहेब. टाइट करवानो रही गयो हशे." आपोआप निघत नाही, आवळायचा राहिला असेल, एवढंच; नाव विचारलं नाही कुणाचं. चहा पाजला.

घरी बाबा हिंचक्यावर. हिंचका हलत नव्हता.

११ ऑक्टो., शनि.

मेधाला सांगितलं. स्वयंपाकघरात, कुकरच्या आवाजात, हॉलमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून. ती भडकली. "सहा दिवस? तो माणूस सहा दिवस स्वतःला आंधळा-पांगळा समजतोय आणि तू बोल्ट शोधत हिंडतोस?"

म्हटलं, आईचं काय? तिला कळलं की तिच्या हळदीने... ती स्वतःचा हात मोडला म्हणून नाही, बाबांचं हे असं झालं म्हणून मरेल. पुढच्या नवमीला ताटाला हात लावणार नाही.

मेधा म्हणाली, "हळदीने नाही रे. तुझ्याने." खरं आहे. मी आईला पुढे करून मागे लपतोय हे तिला लगेच दिसलं, मला सहा दिवस दिसलं नाही. लाज वाटली, पार कानापर्यंत.

शेवटी एवढं ठरलं: बाबांना सांगायचं, आईला नाही.

१२ ऑक्टो., रवि.

दर रविवारी बाबा स्वतः गाडी काढून खंडेराव मार्केटला जातात. सुरती पापडी, मग ओळखीच्या म्हातारीकडून कोथिंबीर, घासाघीस तोंडी लावायला. आज मला म्हणाले, "रिक्षाने जाऊन ये तू. काय आणायचं ते तिला विचार." मी निघालो नाही. आई आत पोथी वाचत होती. बाबांच्या शेजारी हिंचक्यावर बसलो आणि सांगून टाकलं. बोल्ट, हळद, मार्कर, माझी घाई. एका दमात. शेवटी म्हटलं, "पाय तुमचा चुकला नाही, बाबा. मी चुकलो."

ते ऐकत होते, पुढे बघत. मला वाटलं ओरडतील. ओरडावं असं फार वाटत होतं. लहानपणी पाना जागेवर ठेवला नाही म्हणून थोबाडीत खाल्लीय त्यांच्या हातची.

मग म्हणाले, "मी ब्रेक दाबला नव्हता."

"म्हणजे?"

"पाय ॲक्सिलरेटरवर होता. दाबायला गेलो ब्रेक, दाबलं ते. मला आठवतंय."

"अहो, पण बोल्ट सुटलेला आहे. मी पाहिलाय."

"धडकेने निघाला असेल."

"बाबा, आटे शाबूत आहेत. धडकेने निघता तर..."

"तू तपास. तुझं काम आहे ते." आणि आवाज खाली आणून, "हिला हळदीचं बोलायचं नाही. समजलं?"

उठून आत गेले. मी तिथेच.

१३ ऑक्टो., सोम.

ऑफिसात कागद समोर, डोक्यात चाक.

ब्रेक दाबला असेल तर: सैल कॅलिपर डिस्कबरोबर फिरला, रिममध्ये अडकला, उजवं चाक धरलं, गाडी उजवीकडे. सगळं बसतं.

ॲक्सिलरेटर दाबला असेल तर: लाली टर्बोवर आहे, जराशा पायाने उडी मारते, हे मीच केलंय. रिक्षा पुढे, घाबरून स्टिअरिंग उजवीकडे. सैल कॅलिपर धक्क्यानेही रिमला लागू शकतो. हेही बसतं.

दोन्ही खरं असू शकतं. बोल्ट सैल होता आणि पायही चुकला. किंवा बाबा साफ खोटं बोलतायत, आईसाठी. किंवा माझ्यासाठी. या माणसाला खोटं बोलताना मी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे कसं दिसतं ते माहीत नाही.

त्यांच्या डोळ्यांत बघून ओळखायला हवं होतं. मी तेव्हा पायांकडे बघत होतो.

१५ ऑक्टो., बुध.

आईने आज धरलं. "बाबांना काय सांगितलंस? रविवारपासून माझ्याशी फार गोड बोलतायत. काल केस विंचरून दिले." एक हात प्लास्टरमध्ये म्हणून, पण पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

म्हटलं, काही नाही.

"तुम्ही दोघं काही नाही म्हणता तेव्हाच काहीतरी असतं," म्हणाली आणि पुढे विचारलं नाही. मला ते जास्त जड गेलं.

ताईचा फोन. लाली विकून टाक, म्हणते. मेधा मध्ये पडली, "आधी थांबता आलं पाहिजे तिला, मग विकू."

१८ ऑक्टो., शनि.

लाली उभी राहिली. नवा रिम, नवे बोल्ट. टक्, टक्. रेघ मारली, बोटाने घासून पाहिली. काल संध्याकाळी परत रेंच लावला. आज सकाळी तिसऱ्यांदा. सोसायटीबाहेर जाऊन स्वतः दहा वेळा करकचून ब्रेक मारून आलो. सरळ थांबते, सुतासारखी.

बाबा ओट्यावर येऊन बघून गेले. सोळा दिवसांत पहिल्यांदा खाली उतरले. वाकून, चष्मा वर करून, उजव्या चाकाच्या आत बघत राहिले. परत जाताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय जरा अडखळला. पूर्वीही अडखळायचा का? आठवत नाही. मी कधी बघतच नव्हतो.

१९ ऑक्टो., रवि. सकाळ.

चहा पिता पिता बाबा म्हणाले, "चावी दे. लायसन्सही काढून ठेव."

आईने कप ठेवला. मेधा माझ्याकडे बघायला लागली.

"कुठे जायचंय?" मी.

"गाडी दुरुस्त झाली म्हणतोस ना? मग दुरुस्त काय झालं ते बघू. बोल्ट की मी. किती दिवस दोघंही चुकलोय असं म्हणत बसायचं?"

"मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा," म्हटलं.

"मग काय कळणार?"

माझी चूक होती हे खरं असेल तर चावी देण्यावाचून माझ्याकडे दुसरं काही नाही. मीच त्यांना सांगितलंय, पाय तुमचा चुकला नाही. आणि चावी द्यायला वेळ लावला तर ते बघतील.

रविवार आहे, रस्ते दिवाळीच्या खरेदीने भरलेत. आई म्हणाली, "मी पण येते." दोन सीट आहेत म्हणून बाबांनी तिला गप्प केलं. शेजारची सीट माझी आहे असं ते धरून चाललेत.

फाइल काढायच्या निमित्ताने वर आलोय. लायसन्स काढलं. फोटो वीस वर्षांपूर्वीचा, काळे केस, तोच पांढरा शर्ट.

खाली बाबांनी जोडे घातले. मेधा पायरीवरून हाक मारतेय, बाबा गाडीपाशी जाऊन उभे आहेत, चालकाच्या बाजूला.

चावी मुठीत आहे. सतरा पायऱ्या आहेत. उतरतो.