एक वर्षाचं की दोन वर्षांचं

प्रिय तृप्ती,

मागच्या आठवड्यात फोनवर म्हणालीस, पुण्यात दोन्हीकडे नंबर लागलाय, पण दोन वर्षांचं एमबीए सोडून एक वर्षाचा डिप्लोमाच घेते, लवकर नोकरी लागेल. मी 'बराबर हाय' म्हणाले. फोन स्पीकरवर होता आणि तुझे बाबा शेजारी बसले होते. तुझं कारण नोकरीचं नाही, माझं आहे, हे मला तेव्हाच कळलं. तू बेरकी असलीस तरी तुला जन्म मी दिलाय.

दोन वर्षांत मधल्या सुट्टीत कंपनीत जाऊन काम शिकायला मिळतं, एका वर्षात सगळं घाईनं उरकतात, हे मला तूच जूनमध्ये समजावलं होतंस. मी ते तसंच्या तसं तुझ्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, 'एका सालात उरकू दे. मी स्थळं पाहून राह्यलो.' मी म्हणाले, पोरगी हुशार आहे, दोन वर्षं शिकू द्या. मी तेवढंच बोलले. गणपतीत तू आलीस तेव्हा माझ्या अंगठ्याला चिंधी होती ना? विळा लागला म्हणाले होते, तो लागला नव्हता. सर्जेरावांच्या सीड प्लॉटवर बियाण्यासाठी कपाशीची कळी नखानं सोलावी लागते, म्हणून आम्ही बाया अंगठ्याचं नख वाढवतो. ते तुझ्या बाबांनी पकडीनं उपटलं. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं सोलताना निम्म्या कळ्या मोडल्या. बेबीनंदा आमच्यावर देखरेख करते, एरवी एका कळीवरून आकाशपाताळ एक करते. तिनं माझा हात पाहिला आणि माझी ओळ गुपचूप स्वतः पुरी केली.

तुझ्या दहावीच्या निकालादिवशी माझा दात पडला होता. पेढा खाताना पडला म्हणून सांगितलं. पेढ्यानं दात पडतो होय गं? तू हसलीस, मीही हसले, तोंडात रक्त होतं तरी. आपल्याकडे सुरू झालं की गल्लीत टीव्हीचे आवाज वाढायचे. वीस वर्षं मी हे सोसलं. पण माझ्यासाठी तू तुझं शिक्षण तोडणार, याचा मला त्या सगळ्या मारापेक्षा जास्त राग आला. तुझाही आला, माझाही आला.

रविवारी सकाळी मी पाट्यावर वाटण वाटत होते. त्या दोन वर्षांच्या कॉलेजचं पत्र घरच्या पत्त्यावर आलं होतं, ते त्यांना सापडलं. त्यांनी ते चुलीत घातलं. मग माझी वेणी धरून तोंड तव्याकडे दाबायला लागले, 'तूच फूस लावून राह्यली तिला.' केस जळाल्याचा वास आला. माझ्या हातात वरवंटा होता. मी तो त्यांच्या हातावर घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. वेणी सोडून ते खाली बसले. मग मी गुडघ्यावर दुसरा घातला. त्याची गरज नव्हती. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

ते दवाखान्यात आहेत, जिवाला धोका नाही. जाफराबादच्या ठाण्यात मी स्वतः जाऊन सांगितलं, मी मारलं, आणि पाठ उघडी करून का मारलं तेही दाखवलं. केस होईल, होऊ दे. आता टेंभुर्णीला दुर्गामावशीकडे आहे, त्या घरात परत जाणार नाही. मावशीच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण तू रडत पहिल्या एसटीनं इकडे आली असतीस आणि शुक्रवारची फी भरायची तारीख हुकली असती. म्हणून हे पत्र मावशीच्या मुलाच्या, कल्याणच्या हाती देते, तो उद्या पुण्याला येतोय. आधी त्या दोन वर्षांच्या कॉलेजची फी भर, मग मला भेटायला ये. मला सोडवायला तुला लवकर शिकून यायचं होतं ना? मी सुटले.

तुझीच, जरा भाजलेली पण धडधाकट,
आई