बाराव्या मजल्याची स्क्रीन

सोम. १० फेब्रु.
मुलुंडच्या टॉवरचं काम माझ्याकडे. सिक्युरिटी रूमच्या मोठ्या स्क्रीनवर कुठला कॅमेरा कुठल्या चौकोनात, नकाशा कुठे, अलार्मचं बटण केवढं, सगळं मी मांडायचं. आई म्हणाली, "म्हणजे टीव्हीत टीव्ही बसवायचे?" तसंच गं.

गुरु. १३
साइटवर. सुपरवायझर काटकर, बोलायला गोड. गेट, पार्किंग झालं. मग म्हणाला, "मॅडम, अजून एक स्क्रीन पाहिजे. एका बटणावर." बी विंगची लिफ्ट, बाराव्याचा पॅसेज, जिना, पार्किंगचा एक कोपरा. कशाला? "कमिटीने सांगितलंय." चौकोन ओढून बसवले. पॅसेजचा सगळ्यात मोठा. त्यात एकच दार दिसतं. तेव्हाच काहीतरी खटकलं.

शुक्र. १४
टेस्टिंग. त्या दारातून एक बाई निघाली, एकटीच. पॅसेजमधून लिफ्टच्या चौकोनात, तिथून पार्किंगच्या. काटकर माझ्या खांद्याशी वाकून बघत होता. "बरोब्बर. आता सुटत नाही." हसला.

सोम. १७
निखिलला, म्हणजे बॉसला, सांगितलं. "तू लेआउट कर ना यार. कोण कोणाला बघतं, तो क्लायंटचा प्रश्न." सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. त्यांना अशी स्क्रीन माहीतच नाही! "विचारतो काटकरला," म्हणाले. नको म्हणेपर्यंत फोन ठेवला. वाट लागली.

मंगळ. १८
उरलेलं काम करायला साइटवर गेले. ती स्क्रीन अजून तशीच. काटकर चहाला गेल्यावर मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळी गेटबाहेर नारळवाल्यापाशी थांबले. तिथे कॅमेरा पोचत नाही, मला माहीत. बाराव्यावरची ती बाई बँकेतल्या नोकरीवरून परत आली. नाव मृणाल. फोटो दाखवला, काटकरचं सांगितलं. ओरडली नाही, रडली नाही. "म्हणून तो रोज लिफ्टपाशी उभा असतो," म्हणाली आणि फुटपाथच्या कडेलाच बसली.

गुरु. २०
अनोळखी नंबर. काटकर. "मॅडम, तुम्ही घाटकोपरलाच राहता ना? आईबरोबर?" बस, एवढंच. फोन कट.
पत्ता कुठून मिळाला? जेवण गेलं नाही.

शनि. २२
मृणालचा फोन. सोमवारी पोलीस स्टेशनला जातेय. "स्क्रीन तू बनवलीस. तुझ्याशिवाय कोण सांगणार? येशील ना गं?" निखिलने आधीच बजावलंय, कंपनीचं नाव आलं तर बघ.
येते म्हटलं.
आईला विचारलं, दाराला कडी लावलीस का.
"लावलीय. चौथ्यांदा विचारतेस. झालंय काय तुला?"
"बस इथे. सांगते."