अर्धी हाक

सक्करदरा, नागपूर
१४ नोव्हेंबर १९७१

ती. भागीरथाबाईंना,

उत्तराचा नमस्कार. नाव वाचून पत्र बाजूला ठेवावंसं वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा एवढी विनंती. पत्ता आमच्या जुन्या ड्रायव्हरकडून, धोंडबांकडून मिळाला. तुमची तब्येत बरी असते, अजून अंगणात भाजी लावता, असं ते म्हणाले. इकडे थंडी पडू लागली आहे. माझे गुडघे धरले आहेत, बाकी ठीक.

पुढच्या वर्षी दादांची जन्मशताब्दी. त्यांच्या पेढीची बँक झाली, ती बँक आता स्मरणिका काढते आहे. खाणींना आणि गिरण्यांना भांडवल पुरवणारे गणपतराव इतरांनी लिहिले. दादांचं 'खाजगी जीवन' मुलीने, म्हणजे मी लिहावं, असं ठरलं. "पत्नीच्या निधनानंतर ते व्रतस्थ राहिले," एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना.

दादा दर शनिवारी खाणीच्या कामाला म्हणून कन्हानला जात. एकोणीस वर्षांची असताना मी एकदा त्यांच्या मागोमाग रेल्वेने आले होते. तुमच्या कुंपणाआडून पाहिलं. ज्यांच्यापुढे इतवारीची सारी बाजारपेठ दबकून उभी राही, ते दादा तुमच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तुम्ही म्हणालात, "अर्ध्या तं तुम्ही खाऊनच राहिले!" आणि दादा खदखदून हसले. आई गेल्यापासून तसं हसणं घरात कोणी ऐकलं नव्हतं. आमच्या हक्काचं काहीतरी तुम्ही नेलंत, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि ते मी मनात धरून ठेवलं.

छत्तीस साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. तोंडातून फक्त 'भा... भा...' एवढंच निघे. वच्छलाकाकू म्हणाली, "अगं, भात मागतात." मऊ भात केला. मीच भरवायला बसले. ते मान फिरवत आणि पुन्हा म्हणत, 'भा'.

ते काय मागताहेत, हे घरात मला एकटीला कळत होतं. मी पुढचा घास केला.

तिसऱ्या दिवशी तुम्ही फाटकात आलात. अंगावर साधं हिरवं लुगडं होतं.

"बाई, मले एक डाव पाहू द्या. बोलणार नाही मी."

"ते कोणाला ओळखत नाहीत."

"मले ओळखतीन."

"तुमचं नावही त्यांच्या ध्यानात नाही," मी म्हणाले.

तुम्ही रडला नाहीत, भांडला नाहीत. पदर सारखा केलात आणि निघून गेलात.

फाटक त्यांच्या खिडकीखालीच होतं. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पण त्या संध्याकाळपासून त्यांनी 'भा' म्हणणं सोडलं. घास घातला की मुकाट्याने गिळत. सगळे म्हणाले, आता शांत वाटताहेत. आठ दिवसांनी गेले.

हे सगळं मी लेखात लिहिलं. माझा भाऊ अनंत म्हणाला, "अक्का, डोकं फिरलं का? हे छापायचं असतं?" मी त्याला सांगितलं, छापायचं की नाही हे तू ठरवायचं नाहीस, मीही नाही. ते तुम्ही ठरवायचं. तुमचं नाव नको असेल, तर मी लेखच देणार नाही. पण 'व्रतस्थ' हा शब्द माझ्या हातून छापायला जाणार नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या बसने येते. भेटायचं नसेल तर धोंडबांजवळ तसं सांगून ठेवा, मी वाईट वाटून घेणार नाही. माफी मागायला तोंड नाही. त्यांनी तुम्हालाच बोलावलं होतं, शुद्धीत बोलावलं होतं, हे तुमच्यासमोर बसून सांगायचं होतं. माझंही वय झालं, रविवारचा भरवसा धरवेना, म्हणून आधी लिहून टाकलं.

तुमचा निरोप पस्तीस वर्षं अडवून बसलेली,
उत्तरा