आईचा टीव्ही, सीमाचं लायसन

४ नोव्हें., मंगळवार. अमरावती
सीमाचा फोन. मी ऑफिसात, साहेब समोर. इंग्लंडात तिच्या खोलीवर टीव्ही लायसनची नोटीस आलीय. "दादा, माह्याजवळ टीव्हीच नाही ना!" मग भानगड काय? तर मोबाइलवर ॲपमध्ये मालिका बघते, अकोल्यात आई बघते त्याच वेळी. इथे संध्याकाळ, तिकडे जेवणाची सुट्टी. तिथला नियम असा की चॅनेलवर चालू असताना पाहिलं तर लायसन पाहिजे, मग मोबाइल का असेना. तोच भाग नंतर ॲपवर पाहिला तर नको. डोकं आहे का या लोकांना!

५ नोव्हें.
म्हटलं, काढून घे लायसन. "एका मालिकेसाठी? मी नाही काढत." बरं, दुसऱ्या दिवशी पाहा. आईला विचारलं तर म्हणे, "शिळा भाग पाहू काय मी? तिले जमत नसन तं राहू दे." दोघी सारख्याच हेकट. मध्ये माझं भरीत.
राहू दे कसं? पक्की सरकारी नोकरी सोडून सीमा तिकडे गेली, तेव्हापासून आई तिच्याशी दुसरं काही बोलतच नाही. मालिका चालू असली की मात्र फोनवर दोघी मिळून त्यातल्या सासूला शिव्या घालतात. तेही बंद पडलं तर संपलंच.

८ नोव्हें., शनि.
आईचा तोडगा. व्हिडिओ कॉल लावून मोबाइल मुरमुऱ्याच्या डब्याला टेकवला, टीव्हीकडे तोंड करून. "टीव्ही माहा, पाहून मी राहिली. तिले काहून लायसन लागन?"
हे नियमात बसतं का, अशी आता सीमाला शंका. विचारते मला! मी काय तिथला वकील?
इथल्या वकिलाला विचारलं, शेजारीच राहतात. "आपल्याकडचं लायसन तर कधीचंच बंद झालं." धन्यवाद.

११ नोव्हें.
सीमाने तिथल्या हेल्पलाइनला विचारलं. पलीकडच्या बाईने दोनदा खात्री केली, टीव्ही आईचा? भारतात? मग होल्डवर ठेवलं, मग फोन कट. सीमा घाबरली, आईला फोन करणंच बंद केलं. परदेशात एकटी जाताना नाही घाबरली.
आई म्हणते, "मले काय फरक पडते." आईच्या शेजारच्या काकूंकडून कळलं, काल जेवली नाही. राग येतो दोघींचा. वाईटही वाटतं.

१५ नोव्हें., शनि. अकोला
दुपारच्या गाडीने आलो. आईसोबत अख्खा भाग पाहिला. सासूने पुन्हा दागिने लपवले, बाकी शून्य. मग टीव्ही बंद केला, सीमाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून आईच्या हातात दिला. म्हटलं, काय झालं ते तोंडाने सांग, सांगायला लायसन लागत नाही.
मग आईने सुरुवात केली. सासू, कपाट, दागिने, सगळं रंगवून. आणि त्याच सुरात, "अन् थे मोठी पोरगी हाय ना, तिनं चांगली नोकरी सोडून देल्ली. मायले इचारलं बी नाही."
मी बघतच राहिलो. आजच्या भागात असं काही नव्हतं.
सीमा हळूच म्हणाली, "मग माय काय म्हणाली?"
आईने मला हातानेच खुणावलं, बाहेर जा. ओट्यावर बसून लिहितोय. आतून आईचा आवाज येतोय, शब्द काही कळत नाहीत.